‘ग्रीन बेल्ट’ची तयारी : सूत्रांपेक्षा समज महत्त्वाची

गुणवत्ता नियंत्रण, उत्पादन किंवा पुरवठा विभागातील नोकरीच्या जाहिरातींत ‘सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट असल्यास प्राधान्य’ ही ओळ आता नवी राहिलेली नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणपासून नाशिकच्या अंबड व कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावपर्यंतच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारे पदविकाधारक आणि अभियंते या प्रमाणपत्राकडे बढतीची पायरी म्हणून पाहतात. बँका, रुग्णालये आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतील कर्मचारीही या वाटेने येऊ लागले आहेत. मात्र पुस्तक उघडल्यावर त्यांच्या लक्षात येते, की या परीक्षेचा कणा व्यवस्थापनशास्त्र नसून संख्याशास्त्र आहे. शिक्षण संपल्यानंतर ज्या विषयाकडे पुन्हा वळून पाहिले नव्हते, तोच पुन्हा समोर उभा राहतो.

अशा वेळी दोन मार्ग असतात. सूत्रे पाठ करून, सरावसंच सोडवून परीक्षा उत्तीर्ण होणे हा पहिला. आणि आकड्यांतील तफावत नेहमीची आहे की काहीतरी बिघडल्याची खूण आहे, हे ओळखायला शिकणे हा दुसरा. प्रमाणपत्र दोन्ही मार्गांनी मिळू शकते. पण चालू मशीन थांबवायचे की नाही, तयार माल पाठवायचा की अडवायचा, हा निर्णय घेण्याची पाळी येते तेव्हा पहिला मार्ग उपयोगी पडत नाही.

उगम कारखान्यातलाच

हे शास्त्र विद्यापीठातून कारखान्यात आले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्याचा बराच मोठा भाग कारखान्यांच्याच गरजेतून जन्मला. लहान नमुन्यांवरून अनुमान काढण्याची ‘टी’ चाचणी मांडणारे विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत नोकरीला होते. १९०८ साली त्यांनी आपला निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केला आणि ती चाचणी आजही त्याच नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना पाठविलेल्या एका छोट्या टिपणात नियंत्रण तक्त्याची, म्हणजेच कंट्रोल चार्टची, पहिली आकृती काढली होती. टेलिफोनच्या सुट्या भागांचा दर्जा हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

भारतातही हा विषय लवकर पोचला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्थेची, म्हणजेच ‘आयएसआय’ची, स्थापना केली. त्यांच्याच निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले आणि येथील उद्योगांत संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचा प्रसार सुरू झाला. एडवर्ड्स डेमिंग यांची जपानमधील प्रसिद्ध व्याख्याने १९५० सालची, म्हणजे त्यानंतरची आहेत.

‘सिक्स सिग्मा’ हे नाव मात्र बरेच पुढचे. मोटोरोला कंपनीतील अभियंता बिल स्मिथ यांनी १९८६ मध्ये ही पद्धत मांडली. १९९५ पासून जनरल इलेक्ट्रिकने तिचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला आणि ती जगभर पसरली. कराटेतील पट्ट्यांवरून यलो, ग्रीन आणि ब्लॅक बेल्ट ही नावे पडली. शूहार्ट, गॉसेट आणि रोनाल्ड फिशर यांची जुनीच साधने ‘व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण’ या पाच टप्प्यांच्या शिस्तीत बसविणे, हे या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य होय.

सहा सिग्मा म्हणजे काय?

सिग्मा हे प्रमाण विचलनाचे चिन्ह आहे. आकडे सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत, याचे ते माप. आकडे प्रसामान्य वितरणानुसार पसरले असतील, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन सिग्मांच्या पट्ट्यात ९९.७३ टक्के आकडे येतात; बाहेर उरतात ते दहा लाखांत सुमारे २,७००. ग्राहकाने दिलेली मर्यादा सरासरीपासून सहा सिग्मांवर असेल, तर हे प्रमाण शंभर कोटींत दोन इतके खाली येते.

मग सर्वत्र सांगितला जाणारा ‘दहा लाखांत ३.४ दोष’ हा आकडा कोठून आला? प्रक्रियेची सरासरी दीर्घ काळात थोडी सरकते, असे धरून मोटोरोलाने दीड सिग्माची सूट गृहीत धरली. सहामधून दीड वजा केल्यावर साडेचार सिग्मा उरतात आणि त्यापलीकडचे प्रमाण दहा लाखांत ३.४ येते. दीड हा आकडा निसर्गनियम नव्हे, तो एक संकेत आहे. परीक्षेत हा फरक विचारला जातो आणि व्यवहारात तो विसरला जातो.

या संदर्भात मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण हमखास दिले जाते. ‘फोर्ब्स’ नियतकालिकाने १९९८ मध्ये त्यांच्या अचूकतेबद्दल लिहिले. त्यानंतर डबेवाल्यांना ‘फोर्ब्स’ने सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिल्याची कथा रूढ झाली. तो लेख लिहिणाऱ्या पत्रकाराने मात्र असे कोणतेही प्रमाणपत्र दिलेले नाही, आपण तो शब्दही वापरला नव्हता, असे नंतर स्पष्ट केले. डबेवाल्यांच्या कार्यक्षमतेला याने उणेपणा येत नाही. कामाची अचूकता ही एक गोष्ट आणि प्रमाणपत्र ही दुसरी, एवढेच यातून लक्षात घ्यायचे.

अभ्यासाचा क्रम

अनेक विद्यार्थी थेट परिकल्पना चाचण्यांपासून सुरुवात करतात आणि गोंधळतात. त्याऐवजी कारखान्यात प्रश्न ज्या क्रमाने उभे राहतात, त्याच क्रमाने अभ्यास केल्यास विषय सोपा जातो.

मोजमाप : आकडा विश्वासार्ह आहे काय, हा पहिला प्रश्न. मायक्रोमीटर किंवा गेज स्वतःच तफावत निर्माण करत असेल, तर पुढील सर्व गणित व्यर्थ ठरते. येथे एक नियम पक्का करावा : बेरीज प्रचरणांची होते, प्रमाण विचलनांची नाही. जॉबमधील खरी तफावत ०.००४ मिलिमीटर आणि मोजमापातील तफावत ०.००३ मिलिमीटर असेल, तर एकूण तफावत ०.००७ होत नाही. दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढल्यास ती ०.००५ येते. वाहन उद्योगात वापरल्या जाणाऱ्या नियमानुसार मोजमाप पद्धतीचा वाटा १० टक्क्यांच्या आत असल्यास ती स्वीकारार्ह, १० ते ३० टक्के असल्यास परिस्थिती पाहून स्वीकारार्ह आणि त्यापुढे अस्वीकारार्ह मानली जाते.

स्थिरता : मोजमापावर विश्वास बसला, की दुसरा प्रश्न येतो तो प्रक्रिया स्थिर आहे काय हा. त्यासाठी नियंत्रण तक्ता असतो. शूहार्ट यांनी तफावतीची कारणे दोन गटांत विभागली. सामान्य कारणे प्रक्रियेतच मुरलेली असतात, तर विशेष कारणे बाहेरून येतात. उदाहरणार्थ, झिजलेले टूल, बदललेला कच्चा माल किंवा नवा ऑपरेटर. तीन सिग्मांच्या नियंत्रण मर्यादेबाहेर बिंदू गेल्यास विशेष कारणाचा शोध घ्यावा. मर्यादेच्या आतच, पण सलग आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडल्यास तोही इशारा समजावा.

स्थिर प्रक्रियेत उगाच ढवळाढवळ केल्यास काय होते, हे डेमिंग आपल्या प्रसिद्ध नरसाळ्याच्या प्रयोगातून दाखवीत. प्रत्येक जॉब मोजून, जितका फरक आला तितके मशीन उलट बाजूला सरकवत गेल्यास तफावत कमी होण्याऐवजी वाढते. प्रचरण दुप्पट, म्हणजेच प्रमाण विचलन सुमारे १.४१ पट होते. प्रामाणिकपणे आणि कष्टाने काम करणारा ऑपरेटर रिजेक्शन वाढवू शकतो तो असा. या पद्धतीचा सर्वांत मोठा धडा बहुधा हाच आहे.

क्षमता : प्रक्रिया स्थिर असली, तरी ती ग्राहकाच्या अपेक्षेत बसते काय, हा तिसरा प्रश्न. समजा, शाफ्टचा व्यास २० मिलिमीटर आणि टॉलरन्स अधिक-उणे ०.०६ मिलिमीटर आहे. प्रमाण विचलन ०.०२ असेल, तर एकूण टॉलरन्स ०.१२ आणि सहा सिग्माही ०.१२, म्हणून सीपी १ येतो. सरासरी बरोबर २० वर असल्यास हजारामागे सुमारे तीन जॉब बाद होतील. तीच सरासरी २०.०२ वर सरकली तर सीपी १ च राहतो. पण वरची मर्यादा आता केवळ दोन सिग्मा दूर असल्याने सीपीके ०.६७ वर येतो आणि हजारामागे सुमारे तेवीस जॉब बाद होतात. सीपी प्रक्रियेची ऐपत सांगतो, तर सीपीके तिचे प्रत्यक्ष वर्तन. येथे नियंत्रण मर्यादा आणि टॉलरन्स यांची गल्लत करू नये. पहिली मर्यादा प्रक्रिया स्वतः ठरवते, दुसरी ग्राहक ठरवतो.

परिकल्पना चाचणी : बदल केल्याने खरोखर फरक पडला काय, हा चौथा प्रश्न आणि येथेच बहुतेकांचा पाय घसरतो. समजा, जुन्या टूलवर ४०० पैकी २४ जॉब बाद झाले आणि नव्या टूलवर ४०० पैकी १४. प्रमाण ६ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर आले. नवे टूल महाग आहे. ते घ्यावे काय? दोन प्रमाणांची चाचणी केल्यास पी-मूल्य सुमारे ०.१० येते. म्हणजे दोन्ही टूलांत प्रत्यक्षात काहीच फरक नसला, तरी केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात दहा वेळा दिसू शकतो. रूढ ५ टक्क्यांच्या कसोटीवर हा पुरावा अपुरा ठरतो. हीच प्रमाणे ८००-८०० जॉबवर टिकली असती, तर पी-मूल्य सुमारे ०.०२ आले असते आणि निष्कर्ष बदलला असता.

पी-मूल्य ०.१० म्हणजे ‘टूलमध्ये फरक नसण्याची शक्यता दहा टक्के’ असा अर्थ अनेकजण लावतात. तो चुकीचा आहे. पी-मूल्य काढतानाच ‘फरक नाही’ ही शून्य परिकल्पना खरी धरलेली असते. तसेच शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही, याचा अर्थ ती सिद्ध झाली असा होत नाही. पुरावा पुरेसा नाही, एवढाच त्याचा अर्थ. न्यायालयात पुराव्याअभावी सुटलेल्या आरोपीचे उदाहरण येथे लक्षात ठेवण्यास सोयीचे आहे.

संबंध : शेवटी येतात सहसंबंध आणि समाश्रयण, म्हणजेच कोरिलेशन आणि रिग्रेशन. भट्टीचे तापमान आणि दोषांची संख्या एकत्र वाढताना दिसली, म्हणून तापमान हेच कारण ठरत नाही. उन्हाळ्यात दोन्ही वाढत असतील, तर हवेतील तापमान किंवा त्या काळातील कामगारांची अनुपस्थिती हेही कारण असू शकते. कारण सिद्ध करायचे तर प्रयोग आखून करावा लागतो. म्हणूनच अभ्यासक्रमात या प्रकरणानंतर प्रयोग आराखड्याचा भाग येतो.

प्रमाणपत्र कोणाचे?

सनदी लेखापालांसाठी भारतात १९४९ चा कायदा आहे आणि ती पदवी एकच संस्था देते. सिक्स सिग्माच्या बाबतीत तसे नाही. ग्रीन बेल्ट देण्याचा अधिकार कोणाला, हे ठरविणारी एकच जागतिक नियामक संस्था अस्तित्वात नाही. आयएसओने १३०५३ हे पद्धतीविषयीचे मानक २०११ मध्ये आणि १८४०४ हे व्यक्तींच्या क्षमतेविषयीचे मानक २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. पण ते पाळण्याचे बंधन प्रशिक्षण संस्थांवर नाही. परिणामी दोन दिवसांच्या वर्गानंतर मिळणारे प्रमाणपत्र आणि काही महिन्यांच्या अभ्यासानंतर मिळणारे प्रमाणपत्र, दोन्हींवर एकच शब्द छापलेला असतो. शुल्क भरण्यापूर्वी इच्छुकांनी पुढील तीन प्रश्न विचारावेत.

परीक्षा स्वतंत्र आहे काय? जो शिकवतो तोच उत्तीर्ण करतो, अशी व्यवस्था असल्यास प्रमाणपत्राचे वजन कमी होते. अनुभवाची अट आहे काय? अमेरिकेतील ‘एएसक्यू’ या संस्थेच्या ग्रीन बेल्टसाठी संबंधित क्षेत्रातील तीन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट असते. ‘आयएएसएससी’ या संस्थेच्या परीक्षेस अनुभवाची किंवा प्रकल्पाची अट नसते. प्रकल्प करावा लागतो काय? एएसक्यूच्या ग्रीन बेल्टला प्रकल्प लागत नाही. ब्लॅक बेल्टला मात्र पूर्ण केलेले दोन प्रकल्प, किंवा एक प्रकल्प आणि तीन वर्षांचा अनुभव, अशी अट आहे. भारतात आयएसआयच्या गुणवत्ता नियंत्रण विभागातर्फेही ग्रीन आणि ब्लॅक बेल्टचे प्रशिक्षणक्रम चालविले जातात आणि उद्योगांत त्यांना मान आहे. अटी व शुल्क वेळोवेळी बदलत असल्याने अर्ज करताना संबंधित संस्थेची चालू माहितीपुस्तिका पाहावी.

आणखी एक व्यवहारी सूचना म्हणजे आपण ज्या कंपनीत काम करतो किंवा करू इच्छितो, तेथे कोणते प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, याची चौकशी आधी करावी. अनेक मोठ्या कंपन्या स्वतःच प्रशिक्षण देतात. ते उपलब्ध असेल, तर पदरचे पैसे घालण्याचे कारण नाही.

परीक्षेचे स्वरूप आणि तयारी

एएसक्यूची ग्रीन बेल्ट परीक्षा संगणकावर आणि इंग्रजीतून होते. ११० बहुपर्यायी प्रश्न आणि ४ तास १८ मिनिटे असे तिचे स्वरूप आहे. त्यातील १०० प्रश्नांचेच गुण धरले जातात; उरलेले दहा चाचणीदाखल असतात आणि ते कोणते, हे उमेदवाराला कळत नाही. ७५० पैकी ५५० गुणांना उत्तीर्ण मानले जाते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. पुस्तक जवळ बाळगण्यास परवानगी असते. पण प्रत्येक प्रश्नाला जेमतेम सव्वादोन मिनिटे येत असल्याने तेथे पुस्तक वाचत बसणारा हमखास मागे पडतो. आयएएसएससीची ग्रीन बेल्ट परीक्षा १०० प्रश्नांची आणि तीन तासांची असून, तेथे पुस्तक नेता येत नाही.

नोकरी सांभाळून आठवड्याला आठ ते दहा तास देणाऱ्यांनी सोळा आठवड्यांची आखणी करावी. पहिले चार आठवडे संभाव्यता, वितरणे, सरासरी व प्रमाण विचलन यांना द्यावेत. पुढील तीन आठवडे मोजमाप पद्धती, नियंत्रण तक्ते आणि क्षमता यांना. त्यानंतरचे चार आठवडे परिकल्पना चाचण्या, प्रचरण विश्लेषण आणि समाश्रयण यांना. दोन आठवड्यांत प्रयोग आराखडा, लीन पद्धती आणि ‘एफएमईए’ उरकावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : अनेक पुस्तकांत तीव्रता, वारंवारिता आणि शोधक्षमता यांच्या गुणाकारावर आधारित जोखीम क्रमांक शिकवला जातो, वाहन उद्योगाच्या २०१९ च्या नियमपुस्तिकेत मात्र त्याची जागा कृती-प्राधान्याने घेतली आहे. शेवटचे तीन आठवडे घड्याळ लावून सरावसंच सोडविण्यासाठी राखून ठेवावेत.

साधी गणिते सुरुवातीला हातानेच करावीत. पाच जॉबच्या नमुन्यांवरून सरासरीचा तक्ता काढण्यासाठी लागणारा ०.५७७ हा स्थिरांक कोष्टकात सापडतो. पण त्याला कशाने गुणायचे, हे दहा तक्ते स्वतः काढल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. ४०० बिले, प्रत्येक बिलात चुकीच्या पाच शक्यता आणि एकूण १२ चुका, म्हणजे दहा लाख शक्यतांमागे ६,००० चुका, अर्थात जवळपास चार सिग्मा. प्रत्येक टप्प्यावर ९८ टक्के माल पहिल्याच फेरीत चांगला निघत असेल, तर पाच टप्प्यांनंतर ९०.४ टक्केच उरतो. अशी उदाहरणे कार्यालयातील स्वतःच्याच नोंदींवरून तयार करावीत. नंतर एक्सेल किंवा मिनिटॅबकडे वळावे. ‘आर’ ही संगणकप्रणाली विनामूल्य असून या स्तरावरील सर्व चाचण्यांना ती पुरेशी आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘एनपीटीईएल’ उपक्रमात संख्याशास्त्राची व्याख्याने मोफत पाहता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा केंद्रावर परीक्षा द्यावी लागते.

प्रकल्प टाळू नये

ज्या प्रमाणपत्राला प्रकल्पाची अट नाही, त्याची तयारी करणाऱ्यांनीही एक छोटा प्रकल्प अवश्य करावा. एका मशीनवरील रीवर्क, रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात लागणारा प्रतीक्षेचा वेळ किंवा गोदामातील चुकीची पाठवणी, असा मोजता येणारा एकच प्रश्न निवडावा. सुधारणेपूर्वीची पुरेशी आकडेवारी जमवावी. सुधारणेनंतरची मोजणी त्याच पद्धतीने करावी. मुलाखतीत प्रमाणपत्राचा क्रमांक क्वचितच विचारला जातो. ‘तुम्ही काय मोजले, कशावरून निष्कर्ष काढला आणि तो टिकला काय?’ हे मात्र विचारले जाते.

रोजच्या तक्त्यातील एक बिंदू वर गेला म्हणून धावपळ न करणे आणि सलग आठ बिंदू एका बाजूला पडत असताना स्वस्थ न बसणे, हे ज्याला जमले त्याच्या हाती हे शास्त्र आले असे समजावे. ते येण्यास सोळा आठवड्यांहून अधिक काळ लागला, तरी परीक्षेची तारीख पुढे ढकलण्यात नुकसान नाही.